तरुण बचावपटूची पारख आणि सेंट्रल स्काउटिंगची क्रमवारी: एक परीक्षण

उत्तर अमेरिकेतल्या, बर्फावर खेळल्या जाणाऱ्या हॉकीच्या नॅशनल हॉकी लीगच्या, म्हणजे एनएचएलच्या, ड्राफ्टमध्ये दरवर्षी ७ फेऱ्यांत ३२ संघ मिळून सुमारे २२४ तरुण खेळाडूंवर आपला हक्क सांगतात. त्यांतले बहुतेक जण अठरा वर्षांच्या आसपासचे असतात आणि त्यांच्यापैकी पुढे दहा-बारा वर्षे बर्फावर कोण टिकेल, हे त्या दिवशी छातीठोकपणे कोणालाच सांगता येत नाही. या अंदाजाच्या कामात सर्वसामान्य प्रेक्षकाला एक अधिकृत आणि विनामूल्य साधन उपलब्ध असते, ते म्हणजे लीगच्याच सेंट्रल स्काउटिंग विभागाची क्रमवारी. जॅक बटन यांनी १९७५ मध्ये हा विभाग उभा केला आणि संघांच्या स्वतःच्या स्काउटना, म्हणजे खेळाडू हेरणाऱ्यांना, पूरक ठरावी अशी माहिती गोळा करण्याचे काम तो तेव्हापासून करत आला आहे. या सेवेचे परीक्षण मी येथे एकाच अंगाने करणार आहे: तरुण बचावपटूची पारख करायला ती कितपत उपयोगी पडते? फॉरवर्ड आणि गोलरक्षक यांना मुद्दाम बाजूला ठेवले आहे, कारण या सेवेचे बळ आणि तिची उणीव ही दोन्ही बचावपटूंच्या बाबतीत जितकी ठळक दिसतात तितकी इतरत्र दिसत नाहीत.

प्रत्यक्षात वाचकाच्या हाती काय पडते, ते आधी सांगतो. हंगामाच्या सुरुवातीला एक निरीक्षण-यादी येते, तिच्यात खेळाडूंना श्रेणी दिलेली असते. ‘ए’ म्हणजे पहिल्या फेरीचा संभाव्य खेळाडू, ‘बी’ म्हणजे दुसऱ्या किंवा तिसऱ्या फेरीचा आणि त्याखालचे पुढच्या फेऱ्यांचे. हंगामाच्या मध्यावर पहिली क्रमवारी येते आणि हंगाम संपत आला की अंतिम क्रमवारी. उत्तर अमेरिकेत खेळणारे आणि इतर देशांत खेळणारे यांच्या याद्या वेगळ्या, आणि दोन्हींकडे गोलरक्षकांची यादी पुन्हा वेगळी. नावापुढे संघ, लीग, उंची, वजन आणि खेळाडू स्टिक डावीकडे धरतो की उजवीकडे, एवढा तपशील असतो. मांडणी स्वच्छ आहे, चुकून राहिलेले नाव क्वचितच सापडते आणि दरवर्षी तीच पद्धत असल्याने जुन्या याद्यांशी तुलना करणे सोपे जाते. इथपर्यंत तक्रारीला जागा नाही.

अडचण सुरू होते ती बचावपटूच्या कामाच्या स्वरूपातून. फॉरवर्डने केलेला गोल आणि दिलेला पास आकड्यांत उतरतो, पण बचावपटूचे उत्तम काम बहुतेकदा कुठेच नोंदले जात नाही. प्रतिस्पर्ध्याची चढाई मधल्या टापूतच कोंडली गेली तर फटका होत नाही, अडवणूक होत नाही आणि सामन्याच्या तक्त्यात काहीही दिसत नाही. उलट ज्याच्या बाजूने सतत चढाया होतात, तो अनेक फटके अंगावर घेतो आणि अडवलेल्या फटक्यांच्या रकान्यात त्याचा आकडा फुगतो. गुणसंख्येचेही, म्हणजे गोल आणि गोलाला साहाय्य करणारे पास यांच्या बेरजेचेही, तसेच आहे. पॉवर प्लेवर, म्हणजे प्रतिस्पर्ध्याचा खेळाडू शिक्षेमुळे बाहेर असताना, ब्लू लाइनवर (आक्रमणाचा टापू जिथे सुरू होतो त्या निळ्या रेषेवर) उभे राहून पक, म्हणजे चेंडूऐवजी वापरली जाणारी रबरी चकती, इकडून तिकडे फिरवणाऱ्या मुलाच्या खात्यात सहायक गुण जमा होत राहतात, मग त्या गोलातली खरी करामत समोरच्या फॉरवर्डची का असेना. म्हणूनच बचावपटूची पारख डोळ्यांनी करावी लागते आणि सेंट्रल स्काउटिंगचे मोल इथेच आहे, कारण तिच्यामागे प्रत्यक्ष रिंकवर बसून सामने पाहणाऱ्या माणसांची फळी आहे.

हे डोळे नेमके काय पाहतात, ते एका साध्या प्रसंगातून स्पष्ट करता येईल. प्रतिस्पर्ध्याने पक आपल्या कोपऱ्यात टाकला आहे आणि दोन फॉरवर्ड त्याच्यामागे धावत आहेत. बचावपटूला वळून, पाठ त्यांच्याकडे करून, पकापर्यंत आधी पोहोचायचे आहे. चांगला बचावपटू या धावेत पकाकडे टक लावून पाहत नाही. तो एकदा उजव्या आणि एकदा डाव्या खांद्यावरून मागे पाहतो, कोण किती जवळ आहे आणि आपला जोडीदार कुठे उभा आहे हे ठरवून घेतो आणि पकाला स्टिक लागण्याआधीच पुढचा पास त्याच्या डोक्यात तयार असतो. त्यातही जो मुलगा खांदा एका बाजूला झुकवून पाठलाग करणाऱ्याला चकवतो आणि दुसऱ्या बाजूने बाहेर पडतो, त्याला जगातली कोणतीही लीग वेळ देते, कारण तो स्वतःच वेळ निर्माण करतो. खांद्यावरून मागे न पाहणारा मुलगा कनिष्ठ पातळीवर शरीराच्या आणि वेगाच्या जोरावर निभावून नेतो. मोठ्या माणसांत आला की त्याच कोपऱ्यात काचेवर आदळतो आणि पक गमावतो. हा सगळा प्रकार दोन-तीन सेकंदांचा असतो आणि सामन्यात वारंवार घडतो. माझ्या दृष्टीने तरुण बचावपटूविषयी यापेक्षा जास्त सांगणारी दुसरी कृती नाही.

दुसरी गोष्ट अंतराची. चढाई करणारा पक घेऊन येत असताना बचावपटू उलटा स्केटिंग करत मागे सरकतो आणि दोघांमध्ये किती अंतर ठेवायचे, यावर त्याची सगळी मदार असते. अंतर फार राहिले तर समोरचा निर्धास्तपणे ब्लू लाइन ओलांडतो आणि फटका मारायला मोकळा होतो. फार कमी झाले तर एका झटक्यात बाजूने निघून जातो. स्टिक पुढे टाकून मधली वाट बंद करायची, त्याला कडेच्या भिंतीकडे ढकलत न्यायचे आणि नेमक्या क्षणी अंतर मिटवायचे, हे ज्याला जमते त्याचे नितंब आणि गुडघे खाली असतात, खांदे शांत असतात आणि उलट्यावरून सुलट्या स्केटिंगवर येताना त्याचा वेग तुटत नाही. या वळणात जो अडखळतो, त्याच्या उंचीचा काही उपयोग होत नाही.

आता या कसोट्यांवर सेंट्रल स्काउटिंगने केलेले एक उत्तम काम पाहू. मॅथ्यू शेफर हा ओंटॅरियो हॉकी लीग या कनिष्ठ लीगमधल्या एरी ऑटर्सचा बचावपटू २०२४-२५ च्या हंगामात आपल्या संघासाठी केवळ १७ सामने खेळला. सुरुवातीचे सामने आजारपणात गेले आणि डिसेंबर २०२४ मध्ये ओटावात झालेल्या जागतिक कनिष्ठ स्पर्धेत लातव्हियाविरुद्ध खेळताना गोलच्या खांबावर आदळून त्याच्या गळ्याजवळचे हाड (कॉलरबोन) मोडले. हंगाम तिथेच संपला. १७ सामन्यांत ७ गोल आणि १५ सहायक गुण ही कामगिरी चमकदार असली तरी नमुना फार लहान होता. त्याच हंगामात त्याच लीगमधल्या सॅगिनॉ संघाचा फॉरवर्ड मायकल मिसा ६५ सामन्यांत १३४ गुण मिळवून आकड्यांच्या शर्यतीत फार पुढे निघून गेला होता. केवळ आकडे मोजणाऱ्या कोणत्याही पद्धतीने मिसाला वर ठेवले असते. सेंट्रल स्काउटिंगने मात्र अंतिम यादीत उत्तर अमेरिकी खेळाडूंमध्ये शेफरला पहिले स्थान दिले आणि जून २०२५ मध्ये न्यूयॉर्क आयलँडर्सनी त्यालाच सर्वप्रथम निवडले. त्याच वर्षीच्या हंगामात तो थेट आयलँडर्सच्या मुख्य संघातून खेळू लागला.

शेफरचा खेळ पाहताना हा निर्णय धाडसी असूनही बरोबर का होता, ते समजते. पहिल्या दोन-तीन पावलांत तो ज्या सहजतेने वेग घेतो, त्यामुळे पाठलाग करणाऱ्याचा कोनच चुकतो. चढाईत सामील होताना तो उगाच धावत सुटत नाही, आपला फॉरवर्ड मागची जागा भरतो आहे की नाही हे पाहूनच पुढे जातो आणि चढाई फसली तर परत येण्याइतका वेग त्याच्या पायांत असतो. या गोष्टी दिसायला १७ सामने पुरेसे होते. जाणकार निरीक्षकाला दाखवण्यासारखे काम बचावपटू प्रत्येक पाळीत करत असतो, त्यामुळे गोल मोजायला जितके सामने लागतात तितके त्याची वृत्ती ओळखायला लागत नाहीत, हे या उदाहरणाने सिद्ध केले असे मला वाटते. सेवेला या बाबतीत पूर्ण श्रेय दिले पाहिजे.

याच उदाहरणात वयाचा मुद्दाही दडलेला आहे आणि तो सेवा पुरेशा ठळकपणे मांडत नाही. ड्राफ्टच्या वर्षी १५ सप्टेंबरपर्यंत ज्याला अठरा वर्षे पूर्ण होतात, तो त्या वर्षी पात्र ठरतो. शेफरचा जन्म ५ सप्टेंबर २००७ चा. तो आणखी ११ दिवसांनी जन्मला असता तर २०२६ च्या ड्राफ्टमध्ये गेला असता. म्हणजे एकाच यादीत शेजारी शेजारी असलेल्या दोन मुलांमध्ये जवळजवळ वर्षभराचे अंतर असू शकते आणि या वयात वर्ष ही मोठी गोष्ट असते: उंची वाढते, पायांत ताकद येते, लीगमधला एक संपूर्ण हंगाम पदरी जमा होतो. मोठ्या मुलाने लहान मुलाइतकेच गुण मिळवले असतील तर दोघांना समान मानणे हा लहान मुलावर अन्याय आहे. शेफरचे वय त्याच्या बाजूने आणखी वजन टाकणारे होते. क्रमवारी वाचताना जन्मतारीख पाहून मगच नावाकडे पाहावे, असे मी आग्रहाने सांगेन.

वरच्या टोकाला ही सेवा जितकी विश्वासार्ह आहे, तितकी ती खाली राहत नाही. आणि बचावपटूंच्या बाबतीत ही घसरण फार लवकर सुरू होते. दोष सर्वस्वी तिचा नाही. बचावपटू उशिरा पिकतो. निकलस लिडस्ट्रॉम १९८९ मध्ये ५३ वा, डंकन कीथ २००२ मध्ये ५४ वा, शे वेबर २००३ मध्ये ४९ वा आणि रोमन योसी २००८ मध्ये ३८ वा निवडला गेला. लिडस्ट्रॉमने पुढे सर्वोत्तम बचावपटूची नॉरिस ट्रॉफी सात वेळा जिंकली. मार्क जोर्डानोला तर कोणीच निवडले नव्हते आणि २०१९ ची नॉरिस ट्रॉफी त्याच्याकडे गेली.

२०१२ चा ड्राफ्ट या संदर्भात मुळातून अभ्यासण्यासारखा आहे. त्या वर्षी पहिल्या १० निवडींपैकी ८ बचावपटूंच्या होत्या, जे फार क्वचित घडते. त्यांतले मॉर्गन रायली, हॅम्पस लिंडहोम, मॅट डुम्बा आणि जेकब ट्रूबा यांनी दीर्घ कारकीर्द केली. दुसऱ्या क्रमांकावर गेलेल्या रायन मरेला दुखापतींनी सतत ग्रासले. चौथ्या क्रमांकाच्या ग्रिफिन राइनहार्टला एनएचएलमध्ये ४० सामनेही खेळायला मिळाले नाहीत. आणि त्याच ड्राफ्टमध्ये शेन गोस्टिसबेहेर ७८ वा, कोल्टन पॅरेको ८६ वा आणि जॅकब स्लाविन १२० वा होता. स्लाविनकडे आज कोणीही पाहिले तर अंतर राखणे आणि स्टिकने वाट बंद करणे या दोन कलांचा तो आदर्श वाटतो. शिक्षा जवळजवळ न ओढवता बचाव करण्याबद्दल त्याला लेडी बिंग ट्रॉफी दोनदा मिळाली आहे. निवड संघांनी केली, यादीने नव्हे, हे खरे आहे. परंतु राइनहार्ट आणि स्लाविन यांच्यामध्ये ११६ नावांचे अंतर पडू देणारी दृष्टी संपूर्ण व्यवसायाची होती. धिप्पाड शरीर आणि जोरकस टक्कर अठराव्या वर्षी लगेच नजरेत भरते. योग्य जागी उभे राहण्याची बुद्धी नजरेत भरत नाही, कारण ती असली की काही घडतच नाही.

शरीराच्या रकान्यांवर क्रमवारीचा भर आजही मला जास्त वाटतो. लेन हटसन हा २०२२ मध्ये ६२ वा निवडला गेला, त्यामागे त्याची ठेंगणी चण हे उघड कारण होते. पकासह त्याचे फसवे खांदे आणि क्षणात दिशा बदलणारी पावले त्या वेळीही दिसत होती. २०२४-२५ मध्ये मॉन्ट्रियलकडून पहिल्याच पूर्ण हंगामात त्याने ६६ गुण मिळवले, त्यांतले ६० सहायक गुण होते आणि वर्षातील सर्वोत्तम नवोदिताची कॅल्डर ट्रॉफी त्याला मिळाली. ॲडम फॉक्स २०१६ मध्ये ६६ वा होता. पाच वर्षांनी नॉरिस ट्रॉफी त्याच्या हाती होती. दुसऱ्या टोकाला झ्देनो हारा. सहा फूट नऊ इंच उंचीचा हा खेळाडू १९९६ मध्ये ५६ वा निवडला गेला, कारण इतक्या उंच मुलाचे स्केटिंग कधी सुधारेल यावर कोणाचा विश्वास नव्हता. ते सुधारले. शरीर लहान असो वा अवाढव्य, त्यावरून मन बनवले की फसगत होण्याची शक्यता दोन्हीकडे सारखीच असते.

दोन वेगळ्या याद्यांची पद्धत ही माझ्या मते या सेवेची सर्वांत मोठी गैरसोय आहे. २०१७ मध्ये फिनलंडचा मिरो हेस्कानेन तिसरा आणि कॅनडाचा केल मकार चौथा निवडला गेला. या दोन बचावपटूंची तुलना हाच त्या वर्षी वाचकासमोरचा सर्वांत रंजक प्रश्न होता आणि क्रमवारीत ते दोघे वेगवेगळ्या पानांवर होते. त्यातही मकार अल्बर्टा ज्युनियर हॉकी लीगमध्ये, ब्रुक्स बँडिट्सकडून, खेळत होता. ही लीग कॅनडाच्या तीन प्रमुख कनिष्ठ लीगपेक्षा एक पायरी खालची मानली जाते, तर हेस्कानेन आपल्या देशात प्रौढ खेळाडूंमध्ये खेळत होता. प्रौढांमध्ये रोज मोजकी मिनिटे खेळून टिकणारा मुलगा आणि खालच्या लीगमध्ये सामना एकहाती फिरवणारा मुलगा, यांची सांगड कशी घालायची? याचे उत्तर विभागातल्या लोकांकडे नक्कीच असते. यादीत ते येत नाही. मकारने पुढे मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात दोन हंगाम काढले, मग कोलोरॅडोकडून कॅल्डर, नॉरिस आणि २०२२ मध्ये स्टॅनले कपबरोबर, म्हणजे एनएचएलच्या विजेतेपदाबरोबर, बाद फेरीतल्या सर्वोत्तम खेळाडूची कॉन स्माइथ ट्रॉफीही मिळवली. त्यामुळे चौथे स्थान आज कमीच वाटते.

विभागाच्याच देखरेखीखाली ड्राफ्टपूर्वी बफेलोत होणाऱ्या चाचणी-शिबिराविषयी थोडक्यात सांगतो. तिथे सायकलवर दम आणि ताकद मोजतात, उड्या, पुल-अप आणि पकडीची शक्ती तपासतात आणि संघ मुलांच्या मुलाखती घेतात. बर्फावरची एकही चाचणी नसते. बचावपटूच्या बाबतीत उलटे स्केटिंग आणि वळण या दोन गोष्टी निर्णायक असताना त्या वगळणारे आकडे मी फारसे मनावर घेत नाही. मुलाखतीत मुलाला त्याच्याच चुकीची चित्रफीत दाखवून काय झाले ते विचारले, तर त्याचे उत्तर मात्र मोलाचे ठरू शकते.

या सेवेत एक बदल व्हावा, असे मला मनापासून वाटते. प्रत्येक बचावपटूच्या नावापुढे दोन वाक्ये असावीत: कोपऱ्यातून पक काढताना तो काय करतो आणि समोरून चढाई आली की काय करतो. आज पाचवे आणि सहावे स्थान यांच्यात जेवढे अंतर दिसते, तेवढेच ते पंचेचाळिसावे आणि शेहेचाळिसावे यांच्यातही दिसते. वास्तवात वर एकेक पायरी उंच असते आणि खाली तीस-चाळीस मुले जवळपास एकाच पातळीवर असतात. विभागातल्या माणसांनी ही मुले प्रत्यक्ष पाहिलेली आहेत, तेव्हा दोन वाक्ये लिहिणे त्यांना अवघड नाही, आणि त्या वाक्यांनी वाचकाला क्रमांकापेक्षा कितीतरी जास्त कळेल. तोपर्यंत पहिल्या पंधरा नावांसाठी ही यादी निर्धास्तपणे वापरावी, चाळिसाच्या पुढे तिला फक्त कोणाकोणाचे सामने पाहायचे याची सूची समजावे.

अंतिम यादी हाती आली की मी तिच्याशेजारी मध्यावरची यादी ठेवतो आणि ज्या बचावपटूने मधल्या महिन्यांत मोठी उडी घेतली, त्याचे सामने सर्वांत आधी पाहतो. ती उडी पॉवर प्लेवर नवी जागा मिळाल्याने आली असेल तर मी सावध राहतो. पण संघाने त्याला आघाडी राखण्यासाठी सामन्याच्या शेवटच्या दोन मिनिटांत बर्फावर पाठवायला सुरुवात केली असेल, समोरच्या सर्वोत्तम फळीविरुद्ध त्याच्यावर भरवसा टाकला असेल आणि त्याचा जोडीदार बदलूनही खेळ तोच राहिला असेल, तर त्याचा क्रमांक साठच्या घरात असला तरी मी त्याला पहिल्या तीस नावांत धरतो.